खालून येणारी सुई

रजईला गाठी मारायचं काम दोघींचं असतं. आत कापूस जाडजूड भरला की मशीन रडायला लागतं. मग रजई लाकडी चौकटीवर ताणायची आणि चौकट दोन बाकांवर टेकवायची. एकीने वर बसायचं, एकीने खाली. वरची बाई सुई खाली खुपसते, खालची ती ओढून घेते आणि तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडून परत वर पाठवते. मग वरची दोऱ्याची दोन्ही टोकं आवळून गाठ मारते, दोरा कापते, पुढची जागा धरते. वर मी, खाली ताई. असं कुणी ठरवलं नव्हतं. मला खाली गुदमरायला होतं आणि ताई कशालाच नाही म्हणत नाही, म्हणून ठरल्यासारखं झालं.

ताई माझी थोरली बहीण. नवऱ्याला सोडून आली ती माझ्याच घरी. माझा नवरा वारला तेव्हा मी हातपाय गाळून बसले होते. माझ्या लेकीची वेणीफणी, अभ्यास, आजारपण सगळं तिनेच काढलं. मी आपली तोंडाळ. येणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी बोलायचं, कौतुकही मीच ऐकून घ्यायचं.

लेकीचं लग्न ठरलं होतं आणि ही निळी रजई तिच्याच नव्या घरासाठी होती. एका दुपारी काम चालू असताना दार वाजलं. उघडते तर होणाऱ्या विहीणबाई! सांगणं नाही, सवरणं नाही. मी त्यांना आत आणलं, खुर्ची पुसून दिली. रजईचं कापड चौकटीवरून चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबत होतं, त्यामुळे खालचं काही दिसत नव्हतं.

"छानच झालीय हो," त्या म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघत, "घरात कोण कोण असता?"

"मी आणि लेक. दोघीच."

तोंडातून निघून गेलं. नवऱ्याला टाकून आलेली मावशी घरात आहे म्हटलं तर ही बाई माझ्या पोरीकडे कशी बघेल, एवढंच डोक्यात होतं. ताई माझ्यापासून हातभर अंतरावर, कापडापलीकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शब्द मागे घेतला का? नाही घेतला.

"मग गाठी कशा मारता? याला तर खाली कुणीतरी लागतं."

"सवय झालीय हाताला."

"दाखवा ना."

आता आली का पंचाईत! मी सुई खुपसली. क्षणभर ती तशीच राहिली. मग खालून ओढली गेली आणि बरोबर दाण्याएवढ्या अंतरावर वर आली. मी गाठ मारली.

"कमाल आहे बाई तुमची!" विहीणबाई म्हणाल्या. हसताना त्यांचा चष्मा खाली पडला. त्या वाकल्या, कापड बाजूला सारून चष्मा उचलला. आता ताई दिसणार. त्या सरळ बसल्या, काच पदराने पुसली आणि लग्नाच्या तारखेबद्दल बोलायला लागल्या.

त्या गेल्या तशी मी गुडघ्यावर बसले, कापड उचललं. म्हटलं पाय धरावेत तिचे.

खाली कुणी नव्हतं. ताईची बसायची उशी होती, ती गार होती.

मागच्या दाराने ताई आत आली. हातात दोऱ्याची रिळं. "तू दार उघडलंस ना, तेव्हाच सटकले. त्यांचा आवाज ओळखला. म्हटलं तुझी अडचण नको." रिळं फळीवर लावताना ती हळूच म्हणाली, "खिडकीतून ऐकलं मी. असू दे, चिमे."

मी मान वर केली नाही. सुईबद्दलही बोलले नाही. काय बोलणार होते, कप्पाळ! तू घरात नाहीस म्हणून सांगितलं आणि तुझ्याशिवाय काम झालंसुद्धा?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा बसलो. मी सुई खुपसायची, ती वर यायची. रांग भराभर पुढे सरकत होती. मला बरं वाटलं, मनातल्या मनात म्हटलं, कालचा भास होता.

"चिमे, सुई दे ना," ताई खालून म्हणाली.

"देतेय की."

"कुठे देतेयस? मी केव्हाची हात वर करून बसलेय."

माझ्यासमोर सुई वर आली. चकचकीत, दोऱ्यासकट.

ताई कापड सारून बाहेर आली. मी मारलेल्या गाठींची अख्खी रांग तिने पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. तिला रागावलेलं मी कधी फारसं बघितलं नव्हतं. "एकटीला जमतं हे दाखवायचंय का मला? सरळ सांगायचंस. लग्नाआधी घर मोकळं हवं असेल तर जाते मी."

"ताई, तसं नाही गं..."

ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बॅगेची चेन.

मी चपला घातल्या आणि तडक विहीणबाईंकडे गेले. लग्न मोडलं तर मोडलं. ताई गेली तर मी कुणाला तोंड दाखवू? दारातच बोलून टाकलं. "माझी थोरली बहीण असते घरी. मी खोटं बोलले तुमच्याशी. पोरीला तिनेच वाढवलंय."

त्या हसल्या. "अहो, बसा तरी. मला माहितीय. चष्मा उचलताना दिसल्या ना त्या. ओठांवर बोट ठेवून मला खुणावलं. म्हटलं असेल काही घरचं."

"दिसली?"

"हो तर. हुबेहूब तुम्हीच. मला आधी वाटलं जुळ्या आहात. त्या रडत होत्या म्हणून मी काही विचारलं नाही."

ताई आईवर गेलीय, मी बाबांवर. आम्हाला बहिणी म्हणून कुणी ओळखत नाही.

परत येताना मी एकच वाक्य घोकत होते. ताई, चुकलं माझं, जाऊ नकोस.

दार लोटलेलं होतं. फटीतून पाहिलं.

ताई वर बसली होती, माझ्या जागेवर. बॅग रिकामी होऊन कोपऱ्यात पडली होती. ती गाठ मारत होती आणि तिचे डोळे ओले होते, पण हसरे. कितीतरी दिवसांनी.

"पुरे गं आता," ती खाली बघत म्हणाली. "किती वेळा म्हणशील चुकलं, चुकलं. नाही जात मी."

सुई वर आली.

लाज वाटते सांगायला, पण मला आधी सुटल्यासारखंच झालं. ते वाक्य आता मला म्हणायला नको होतं.

कापड हललं. खालून दोन पाय बाहेर आले. ताईने हात पुढे करून खालचीला उभं राहायला आधार दिला. मला पुढचं बघवेना. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

आत कपबशा वाजल्या. मागच्या खोलीतून माझ्या लेकीने हाक मारली, "आई, मला पण अर्धा कप!"

मी ओ द्यायला तोंड उघडलं. त्याआधीच आतून कुणीतरी ओ दिली होती.