अमीरबीचं तिसरं पान

वडगाव रासाईच्या वाचनालयातलं भिंतीवरचं घड्याळ सोमवारी दुपारी नाहीसं झालं. मंगळवारी सकाळीच वाचनालयाचे अध्यक्ष हौसराव दौंडला मेहमूद इनामदारांच्या ओसरीवर येऊन बसले.

मेहमूदभाई रेल्वेतले निवृत्त गार्ड. नोकरी सुटली, पण खिशातलं घड्याळ आणि चौकशीची खोड सुटली नाही. आता ते लोकांच्या चोऱ्या शोधून देत. त्यांचा जोडीदार मच्छिंद्र जुना पॉइंट्समन. जन्मभर मेल गाड्यांना वाट दिली, स्वतःचं डोकं मात्र पॅसेंजरच.

“चोर सापडलाय,” हौसराव म्हणाले. “झाडलोट करणारी अमीरबी. आज सांजच्याला बैठक हाय. तिला काढायचं आन् फौजदाराकडं द्यायचं. पर माझं मन घेत न्हाई. चाळिशीत प्रौढ वर्गाला बसून अक्षर शिकली हो बाई!”

“तिच्यावरच संशय का?”

“किल्ल्या दोनच. एक ग्रंथपाल सोपानरावांकडं, दुसरी तिच्याकडं. खिडक्यांस्नी गज. ती म्हणती, दोनपास्नं पाचपर्यंत दारातच वाचत बसले व्हते. आन् वाचलं काय, तर सोळा पानांची चोपडी! पाव तासाचं काम. बाकीचा येळ कुठं व्हती?”

तिघं नावेतून भीमा ओलांडू लागले. चैत्राचं ऊन पाण्यावर पेंगत होतं. पलीकडचं गाव जवळ येतंय की आपणच तिकडे वाहत चाललोय, ते मच्छिंद्रला कळेना. त्याने सरळ डोळे मिटून घेतले.

वाचनालयात शिरताना तो जमिनीवरच्या जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांना अडखळला. सोपानरावांनी घाईने गठ्ठे बाजूला सारले.

“घड्याळ मी जिवापाड जपलं,” ते म्हणाले. “दर सोमवारी दोनचे ठोके पडले, की चावी मीच देतो. काल मात्र ठोके पडले आणि लगेच जेवायला घरी गेलो. घड्याळ भिंतीवर होतं. पाचला या हौसराव आप्पांसंगं कुलूप काढलं, तर भिंत रिकामी.”

“कपाटं पाहिली?”

“तीन पाहिली. चौथ्यात मासिकांचे जुने अंक. त्याची किल्ली दोन वर्षांपूर्वी हरवली.”

अमीरबी दारातल्या कडुलिंबाखाली पायरीवर बसली होती. रडून डोळे सुजले होते. भोवती पांढऱ्या मोहोराचा सडा पडला होता.

“दोनचं ठोकं ऐकलं आन् पयलं पान उघडलं,” ती म्हणाली. “तिसरं पान चाललं व्हतं तवा सोपानभाऊ रिकाम्या हातानं भाईर आले, कुलूप लावून गेले. शेवटचं पान सरलं आन् शाळेची पाचाची घंटा झाली.”

“तीनचे ठोके?”

“न्हाई ऐकलं.”

“बघा!” सोपानराव म्हणाले. “तिसरं पान म्हणजे दोन मिनिटं. मी लगेच निघालो, हे तीच सांगतेय.”

“जुळलं की,” मच्छिंद्र म्हणाला.

मेहमूदभाईंनी तिची चोपडी उघडली. पानापानांत कडुलिंबाची फुलं चेपून बसली होती. त्यांनी तशीच दुसरी, तिने न वाचलेली चोपडी मागवली आणि खिशातलं घड्याळ मांडीवर ठेवलं. “एक पान वाचा, अमीरबी. घाई नको.”

ती वाचू लागली. बोट अक्षराखाली, ओठ हलते. अवघड शब्द आला की ती मागे येई, पुन्हा निघे, आणि अर्थ लागला की स्वतःशी हसे. आपल्यावर आळ आहे, हेसुद्धा ती विसरली. वरून फुलं गळत राहिली. मच्छिंद्रला छान डुलकी लागली.

“अकरा मिनिटं,” मेहमूदभाई म्हणाले.

बैठकीला पंच जमले, तेव्हा मेहमूदभाई रिकाम्या भिंतीखाली उभे राहिले.

“अकरा गुणिले सोळा, एकशे शहात्तर मिनिटं. दोनला सुरू केलं तर पाचालाच संपतं. चोपडी उघडी टाकून ती गेली असती, तर फुलं एकाच पानात साठली असती. ती प्रत्येक पानात आहेत. म्हणजे बाई दारात होती, आणि घड्याळ दाराबाहेर गेलंच नाही.”

“मग?” हौसरावांनी विचारलं.

“सोपानराव तिसऱ्या पानाला बाहेर आले. पण पान तिचं, आप्पा, त्यांचं नव्हे! दोन पानं झाली म्हणजे बावीस मिनिटं उलटली. तेवढा वेळ ते आत एकटे होते. सोमवार होता, चावी द्यायची वेळ होती. तीनचे ठोके पडलेच नाहीत, म्हणजे घड्याळ तेव्हाच बंद पडलं होतं. आणि ज्या कपाटाची किल्ली हरवली, त्यातली मासिकं जमिनीवर कशी आली? जागा करायला. किल्ली काढा, सोपानराव.”

सोपानरावांनी कनवटीची किल्ली काढली. कपाटात घड्याळ होतं. काटे दोन वाजून सहा मिनिटांवर थांबले होते.

“चावी देताना स्प्रिंग तुटली,” ते पुटपुटले. “नोकरी जाईल म्हणून भ्यालो. गुपचूप दौंडला दुरुस्त करून आणणार होतो.”

“आन् मी?” अमीरबी म्हणाली. “जल्मात त्येवढं तीन तास मी सुखात व्हते, भाऊ. त्याच तीन तासांपायी तुमी मला चोर केलंत.”

हौसरावांनी उठून सगळ्यांदेखत अमीरबीला हात जोडले आणि तिच्याकडून काढून घेतलेली वाचनालयाची दुसरी किल्ली परत तिच्या हातात दिली.

तिने किल्ली पदराला बांधली. मग कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक दाखवून विचारलं, “मेहमूदभाई, ह्ये वाचाया मला किती दिस लागत्याल?”

मेहमूदभाईंनी पानं पाहिली. तीनशे. “पंचावन्न तास. रोज तीन तास वाचलं, तर एकोणीस दिवस.”

“न्हाई, तुमचा हिशेब चुकला,” अमीरबी म्हणाली. “माझ्या जल्मातलं पयलं पान वाचाया मला दोन दिस लागलं व्हतं. आन् आता अकरा मिन्टं.”

मेहमूदभाईंनी घड्याळ मिटून खिशात ठेवलं.