सहा पावलांवरून

माझ्याकडे एकच कॅमेरा आहे. शर्टाच्या खिशात मावतो. त्याची लेन्स बदलता येत नाही आणि त्याला झूमही नाही. माणूस मोठा दिसायला हवा असेल तर चालत जवळ जायचं, लहान हवा असेल तर मागे सरकायचं. मंडईतला भाजीचा ढीग असो की भाचीचं लग्न, गेली नऊ वर्षं मी सगळं त्यानेच टिपतो. दुसरा घ्यावासा कधी वाटला नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी सात वाजता मी गल्लीतल्या मुलांना फोटो काढायला शिकवायला पंचगंगा घाटावर नेतो. कॅमेरा एक आणि मुलं सहा, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला तीनच फोटो. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, मग हळूहळू बघायला शिकतात. आमची पावलांची एक वही आहे. बटण दाबण्याआधी समोरच्या माणसापर्यंतचं अंतर पावलांनी मोजायचं आणि वहीत लिहायचं. लेन्स बदलत नाही, म्हणून गणितही बदलत नाही. सहा पावलांवरून माणूस डोक्यापासून पायांपर्यंत मावतो आणि वर थोडं आभाळ उरतं. दोन पावलांवरून कमरेपर्यंत येतो. एका पावलावरून नुसता चेहरा.

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. आकाराम गवळी त्याच वेळी घाटावर म्हैस धुवायला आणतो. म्हशीचं नाव मोना. तिच्या शिंगांना लाल रंग, गळ्यात कवड्यांची माळ. पोरं तिच्यावर खूश.

"मास्तर, माझा नको, मोनाचा काढा," आकाराम म्हणायचा. "माझं तोंड आधार कार्डावानी येतंय."

ते खरंच होतं. कॅमेरा समोर आला की तो छाती काढून, श्वास रोखून उभा राहायचा. तरी त्या रविवारी नुजहतने त्याचा फोटो काढला. नुजहत बारा वर्षांची. सगळ्यांत कमी बोलणारी आणि सगळ्यांत नीट मोजणारी. वहीत तिने लिहिलं होतं : आकारामकाका, सहा पावलं.

घरी संगणकावर पाहिलं तर आकाराम गुडघ्यांपर्यंतच दिसत होता. चार पावलं, फार तर. मुलांचं मोजणं चुकतं कधी कधी. मी सोडून दिलं.

पुढच्या रविवारी तिने पुन्हा त्याचाच फोटो काढला आणि पुन्हा सहा लिहिलं. या खेपेला तो कमरेपर्यंतच आला. म्हणजे दोन पावलं. बाकी पाच मुलांचे फोटो वहीबरहुकूम होते. फोटोची कड कुणी कापली असेल म्हणून फाइल तपासली. चौकट पूर्ण होती. मग मी लाल पेन घेतलं आणि तिच्या सहावर प्रश्नचिन्ह काढलं.

पेन ठेवताना आणखी एक गोष्ट दिसली. आकाराम हसत होता. त्याची नजर नुजहतच्या उंचीला नव्हती. तिच्याही खाली, अंगणवाडीतलं पोर असतं तितक्या उंचीवर होती. आणि मोनाच्या हनुवटीखालचे पांढरे केस दिसत होते. तिची हनुवटी खालून बघितल्याशिवाय दिसत नाही.

तिसऱ्या रविवारी घाटावर मी सगळ्यांसमोर वही उघडली.

"ए नुजहत," सम्राट ओरडला, "तुझी पावलं हाईत का मुंगीची?"

पोरं खदाखदा हसली. नुजहत हसली नाही.

"मी सहाच मोजली सर."

"मग फोटो जवळून कसा आला?"

"मला काय म्हाईत? पर मी खोटं लिवलेलं न्हाय." तिने मनगटातला पट्टा काढून कॅमेरा माझ्या हातावर ठेवला. "फुडच्या रविवारपासनं मी यायची न्हाय."

चौतीस वर्षं शिकवलं मी. आणि न तपासता शेरा मारला होता. त्या पोरीचे डोळे भरले होते, तरी ती पापणी हलवत नव्हती.

"थांब," मी म्हणालो. "तुझं खरं की फोटोचं, ते आत्ताच बघू. तुझं खरं निघालं तर मी सगळ्यांसमोर माफी मागीन."

मी आकारामकडे वळलो. "त्या दिवशी फोटो काढताना कुणाकडे बघून हसत होतास?"

"ह्या नुजहतकडंच की. दुसरं कोण हुतं?" तो म्हणाला. मग थोडं थांबला. "आनि मी हसलो कवा?"

त्याने मोनाचं दावं सोडून आमच्या हाती दिलं. माझी सहा पावलं मोजून आम्ही दाव्याला तिथे गाठ मारली. मी घाटावरच्या दीपमाळेकडे पाठ करून ताठ उभा राहिलो. दाव्याचं एक टोक माझ्या टाचेखाली, गाठ नुजहतच्या पायाखाली. मधे दावं ताणलेलं. सम्राट त्याच्यावर बोट ठेवून उकिडवा बसला.

"सर, मी पंच!"

"आनि मोना साक्षीदार," आकाराम म्हणाला. दावं सुटलेली मोना कुठेही न जाता रवंथ करत उभी होती.

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. ऊन कोवळं होतं. नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं, पुलावरून एस.टी. गेली. नुजहतने कॅमेरा डोळ्यांसमोर धरला.

मोनाचं रवंथ थांबलं.

धुण्याचा आवाजही थांबला असावा.

बटणाची टिचकी वाजली.

"दावं हललं?" मी सम्राटला विचारलं.

"न्हाय सर. तारेवानी ताठ हाय."

सगळी डोकी त्या छोट्याशा पडद्यावर जमली. पडद्यावर नुसता माझा चेहरा होता. कडेपर्यंत भरलेला.

मग सम्राटने कान पकडले. "चुकलं नुजहत. मुंगी मीच."

"मुंगळा," ती म्हणाली, आणि हसली.

मी वही घेतली, लाल प्रश्नचिन्ह खोडलं, खाली 'बरोबर' लिहिलं, सही केली आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. ती लाजून आकारामच्या मागे लपली. आकारामने तिथेच धार काढून सगळ्यांना फेसाळ दूध पाजलं. पहिला पेला नुजहतला. ती पुढच्या रविवारी येणार होती. न विचारताच तिने तसं तीनदा सांगितलं.

"सर, कॅमेरा बिघडलाय व्हय?" सम्राटने दुधाच्या मिशा पुसत विचारलं.

"बहुतेक," मी म्हणालो.

दुपारी जेवण झाल्यावर मी तो फोटो मोठ्या पडद्यावर उघडला.

चेहरा माझाच. शर्टाची कॉलर सकाळचीच. पण मागे दीपमाळेचा दगडी चौथरा माझ्या कानापर्यंत आला होता. उभा असताना तो माझ्या कमरेला लागतो. म्हणजे फोटोत मी उकिडवा बसलो होतो. सहा वर्षांपूर्वी दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून मला तसं बसता येत नाही.

मी थेट लेन्समध्ये बघत होतो. तोंड अर्धवट उघडं, काहीतरी समजावून सांगताना असतं तसं. आणि मी हसत होतो. ते हसू मी ओळखलं. पहिल्या दिवशी शाळेत आलेलं पोर रडू नये म्हणून मी तसं हसायचो.

चौकटीच्या खालच्या कडेला काहीतरी पुसट होतं. फार जवळ असल्याने अस्पष्ट आलेलं. मी उजेड वाढवून पाहिलं.

तो माझा तळहात होता. लेन्सच्या बरोबर खाली, उताणा. पहिल्यांदा कॅमेरा धरणाऱ्या लहान मुलाचा हात हलू नये म्हणून आपण त्याच्या कोपराखाली धरतो तसा. त्यावर काहीच दिसत नव्हतं, पण तो रिकामा नव्हता. त्याची बोटं कशाच्या तरी भाराने जराशी वाकली होती.