गार जागा

फोन साताऱ्याच्या हॉस्पिटलमधून होता.

"पेशंट एकही डोस चुकवत नाही, आणि रक्तात औषध सापडत नाही," डॉक्टर म्हणाले. "कॅप्सूल बनावट असणार. लवकर बघा, किडनी चाललीये."

औषध निरीक्षक क्रांती घाडगेने वही पिशवीत टाकली. अशा तक्रारी ऐकून ऐकून तिचं मन बधिर झालं होतं. काही वाटेनासं झाल्याचंही तिला काही वाटत नसे.

पेशंट निवृत्त सुभेदार हंबीरराव, दहिवडीजवळच्या वाडीतले. ऑपरेशन जानेवारीत सांगलीत झालं. किडनी बायकोची, बनुबाईंची. शरीरानं ती नाकारू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल. उन्हाळा चढेपर्यंत सगळं ठीक होतं.

"कॅप्सूल कुठे ठेवता?" हॉस्पिटलात त्यांच्या खाटेपाशी बसून क्रांतीने विचारलं.

"मला न्हाई ठावं, ताई. ती हातावर ठिवती, मी गिळतो."

तिने ते वहीत लिहिलं. बनुबाईंनी पिशवीतून स्टीलची डबी काढून दिली. उरलेल्या कॅप्सूल त्यातच होत्या. त्या तपासणीला गेल्या.

सांगलीत औषध दुकानदार रायगोंडा चौगुले घाबरून उभेच राहिले.

"दुकान सील करणार का, मॅडम?"

"हे औषध आणखी कुणी नेलं?"

"याच बॅचचं फलटणचे एक गुरुजी नेतात. ठणठणीत आहेत."

"देताना सुभेदारांना काय सांगितलंत?"

"गार जागी ठेवा म्हणालो."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने एक नवं चंदेरी पाकीट फोडलं. आत कॅप्सूल, आणि ओल शोषणारी छोटी पुडी. दुकानातलेही नमुने तिने घेतले.

अहवाल विचित्र आला. दुकानातल्या कॅप्सूल उत्तम. डबीतल्या कॅप्सूलमध्येही औषध पुरेपूर, फक्त ते नीट विरघळतच नव्हतं.

क्रांती वाडीवर गेली. शेजारच्या तानुबाईंनी कुलूप काढलं. घर पत्र्याचं, आत भट्टीसारखं तापलेलं. कोपऱ्यात माठ, भोवती ओलं गोणपाट. तिने गोणपाट उचललं. खालच्या ओल्या वाळूत डबीच्या बुडाएवढा गोल ठसा होता.

दुसऱ्या दिवशी हंबीररावांच्या खाटेपाशी डॉक्टर, चौगुले आणि बनुबाई होत्या.

"औषध खरं आहे," क्रांती म्हणाली. "लिमलेटची गोळी काचेसारखी असते. दमट हवेत उघडी राहिली की चिकट होते, मग साखर धरते. या औषधाचे कणही मुद्दाम तसेच विस्कळीत ठेवलेले असतात, म्हणजे ते पोटात चटकन विरघळतं. ओल शिरली की थोडी ऊबही पुरते. कण हलतात, रांगेत बसतात, त्यांचे खडे होतात. औषध तेवढंच राहतं, पण अंगी लागत नाही. कॅप्सूल पाकिटातून काढून डबीत भरल्या होत्या. डबी माठाच्या गोणपाटाखाली होती."

चौगुलेंनी मान खाली घातली. "पाकिटावर गार आणि कोरड्या जागी असं आहे. माणसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला कोरडं ठेवा म्हणून काय सांगायचं, असं वाटलं मला."

"पत्र्याखाली तापत्यात वो," बनुबाई हळू म्हणाल्या. "घरात माठाएवढी गार जागा दुसरी न्हाई."

त्यांचा हात आपोआप कमरेवरच्या टाक्यांच्या खुणेकडे गेला.

"नवीन पाकीट सुरू केलं तर?" क्रांतीने विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "किडनी गेली. उद्यापासून डायलिसिस."

मग हंबीरराव कोपरावर उठले.

"डबी म्याच ठिवली. पाकिटातनं काढाय बी म्याच सांगितलं तिला. लिवा, ताई."

"आवं, तुमी कवा..." बनुबाई म्हणाल्या.

"गप गं. मला आठवतंय."

क्रांतीने वही उघडली. 'मला न्हाई ठावं' ही ओळ तिथंच होती. तिला फार वाईट वाटलं. कितीतरी दिवसांनी वाटलं. तिने त्या ओळीवर काट मारली आणि खाली सुभेदारांचं नाव लिहिलं.