डाव्या अंगाला बसलेली गाडी

पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. माझी जबरदस्ती नाही. पण हे ज्याच्यासोबत घडलं तो दिपक राठोड माझा साडू आहे, आणि थाप मारायला लागणारी अक्कल देवानं त्याला दिलेलीच नाही. पत्ते खेळताना याच्या हातातली पानं याच्या तोंडावर वाचून घ्यावीत!

कनेरगाव नाक्याच्या अलीकडे त्यांचा तांडा. तांड्याबाहेर शेतात हळदीचं पत्र्याचं गोदाम. गेल्या दसऱ्याचा आदला दिवस. वेळ भर दुपारची, साडेबाराची.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. चांगलं टळटळीत ऊन होतं.

गोदामात एक मोठी काळी गाडी उभी होती. दिपकच्या चुलत भावाची, विकासची. दीड वर्षापूर्वी विकास नोकरीसाठी दुबईला गेला आणि गाडी याच्या गळ्यात मारून गेला. ही गाडी साधी नाही बरं का. तिला स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे. माणूस आत बसला की ती त्या बाजूला जराशी दबते. मग तिचा पंप घुरघुरतो आणि ती पुन्हा सरळ होते. पण खूप दिवस एका जागी उभी राहिली की फुग्यांतली हवा उतरते आणि गाडी बसत जाते. म्हणून विकासनं बॅटरीची वायर काढली होती आणि गाडी चार लोखंडी स्टँडवर ठेवली होती.

"स्टँड काढून खाली हात घालू नको, दिपक. कवाबी नको," असं त्यानं दहादा बजावलं होतं.

याचं उत्तर एकच. "व्हय, व्हय."

पण दसरा आला. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायचा, हे आपल्याकडं ठरलेलं. टांगलेल्या गाडीची पूजा कशी करायची? म्हणून या शहाण्यानं जॅक लावून चारही स्टँड काढले आणि गाडी चाकांवर उतरवली. शेळ्या आत येतात म्हणून शटर खाली ओढलं. मोबाइल बोनेटवर ठेवला.

मागच्या डाव्या चाकावर उंदरांनी चिंध्यांचं घरटं केलं होतं. टायर आणि मडगार्डच्या फटीत त्यानं उजवा हात घातला. मनगटाच्याही वर...

फुस्स...

गाडी खाली आली.

वर पत्रा, खाली टायर, मधे हात.

आधी त्याला रागच आला. उंदरांनी हवेची नळी कुरतडली, असं म्हणून त्यानं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हात ओढला. निघेना. जॅक गाडीच्या पलीकडं. ओरडून ओरडून घसा बसला, पण ऐकणार कोण? अख्खा तांडा हिंगोलीला बाजाराला गेलेला.

बोनेटवर मोबाइल वाजला. त्याच्या बायकोचा, मिनाचा असणार.

वाजला... वाजला... बंद झाला.

मग गाडीत सीटचं चामडं करकरलं.

गाडी आणखी बोटभर दबली. फक्त डावीकडून, फक्त मागून. उजवी बाजू होती तशीच.

नाक्यावर दिपकचं वेल्डिंगचं दुकान आहे. बायको आणि दोन लेकरं त्याच हातावर जगतात. बोटं बधिर व्हायला लागली तसा तो ढसाढसा रडला.

आणि त्या सीटवर कोण बसायचं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

विकासचे वडील. किसनसिंगकाका.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या छातीत दुखलं. याच गाडीतून त्यांना नांदेडला नेत होते. विकास चालवत होता, दिपक काकांना धरून मागं बसला होता. कळमनुरी सुटल्यापासून काका एकच विचारत होते, "घर आलं का रे?"

"आलंच, काका. बसून राहा," दिपक म्हणाला होता.

काका त्याच सीटवर गेले.

गाडी पुन्हा दबली. आता भार हाडावर आला.

"काका..." दिपक कसाबसा बोलला, "घर आलं. उतरा."

त्यानं हात ओढून पाहिला.

"उतरा ना, काका!"

सीट करकरली. पण गाडी तसूभर हलली नाही.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. उतरून जायचं कुठं? काकू आधीच गेलेल्या. विकासच्या घराला दीड वर्षापासून कुलूप.

"माझ्या घरी चला, काका! मिना चहा करील. तुमचंच घर हाय ते. पण उतरा, पाया पडतो तुमच्या!"



मागचं दार वाजलं. खट्.

आणि पंप घुरघुरला. बॅटरीची वायर काढलेलीच होती. मी आज स्वतः गोदामात जाऊन पाहिलं.

गाडी हळूहळू वर आली. हात सुटला.

दिपक पळत घरी आला. बाजारातून आलेली मिना हाताला लावायची हळद आणायला आत गेली. हा दारातल्या बाजेशेजारी भुईवर बसला. समोर बाज करकरली... दोरी मधोमध खाली गेली.

आणि तशीच राहिली. बाजेवर कोणी नव्हतं.

आज मी त्यांच्याकडं गेलो होतो. दिपकची दोन बोटं अजून वळत नाहीत. मी बाजेवर टेकणार, तेवढ्यात मिनानं मागं ओढलं. "दाजी, तिथं नका बसू."

मग दोघांनी हे सगळं सांगितलं. मी म्हणालो, "अरे, मग जा म्हणून सांग ना त्यांना!"

"कसं सांगू?" दिपक म्हणाला. "मीच आणलं घरी. दुसरं कोणी बोलावल्याशिवाय ते जातील कुठं?"

चहा घेतला आणि निघालो. मिना म्हणाली, "या परत." मीही सवयीनं बोलून गेलो, "तुमी पण या की सगळे आमच्याकडं."

बाज करकरली.

दोरी वर आली. सरळ झाली.

मिनानं हात जोडले, कुणाला ते कळलं नाही.

आता मी नाक्यावरच्या ढाब्यावर बसून हे लिहितोय. जवळा बाजारला घरी बायको-पोरं वाट बघतायत, तिचे चार फोन येऊन गेले. मोटरसायकल समोर उभी आहे. येताना ती मागून जड लागत होती.

घरी जायची हिंमत होत नाही.