एका घराची एक वीट

मधुवंतीने ती वीट दोन्ही हातांनी उचलली आणि नीट भिंतीशी नेऊन ठेवली. वॉर्ड ऑफिसच्या दाराशी रांग होती, आणि रांगेत माणसांच्या मध्येमध्ये विटा, पिशव्या, एक मोडकी छत्रीसुद्धा! जर्मनीत जन्मलेल्या, वाढलेल्या मुलीचे हात असला पसारा बघून शिवशिवणारच. रिकाम्या झालेल्या जागेत ती ऐटीत उभी राहिली.

दहाच्या सुमारास एक उंच तरुण धापा टाकत आला, इकडेतिकडे बघत बंगालीत काहीतरी म्हणाला. मागच्या आजोबांनी हसत मधुवंतीकडे बोट दाखवलं.

"अगं आई गं... ती वीट म्हणजे माणूस होता?" ती पुटपुटली.

तो थबकला. "तुम्ही मराठी?"

"घरात मराठी, पासपोर्ट जर्मन. तुम्ही?"

"शौनक. बाबा बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आले, ते इथेच राहिले. माझा मराठी जरा—"

"माझी मराठी."

"बघा! रांगेतून हाकललं ते हाकललं, वर शिकवणी!" तो हसला. "सहा वाजता ठेवलेली वीट ती. वीट आहे म्हणजे माणूस आहे, असा इथला नियम. आणि एका घराची एकच. दोन ठेवल्या की भांडण."

मधुवंतीचा चेहरा उतरला. दिवसाला वीसच जणांना रहिवासाचा दाखला मिळायचा, आणि ती विसावी होती. त्या दाखल्यासह राहण्याचा परवाना वाढवायचा अर्ज आज दाखल झाला नाही, तर न्यू टाउनमधली नोकरी सोडून परत जायचं होतं. तरी ती बाजूला झाली.

"घ्या तुमची जागा," ती म्हणाली, पण डोळे भरलेच.

त्याने सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, "बाबांच्या पेन्शनसाठी दाखला हवाय, उद्या घेईन. तुम्ही उभ्या राहा."

आत आणखी एक नियम निघाला... ओळखणाऱ्या स्थानिक माणसाची सही! तिने दारातून बाहेर थांबलेल्या शौनककडे नुसतं पाहिलं, आणि तो पेन काढतच आत आला.

"कधीपासून ओळखता?" कारकुनाने विचारलं.

"आज दहापासून," शौनक म्हणाला.

कारकुनाने चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं, आणि हसू दाबत शिक्का मारला.

"तुमचे आभार कसे मानू?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"चहा पाजा. मातीच्या भांड्यातला."

त्या चहाला वर्ष झालं. वर्षभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं, त्याची मराठी सुधारली, तिची बंगाली बिघडत बिघडत जमली. अनोळखी शहरात आपल्यासाठी कुणी रांग सोडली, हे ती एक दिवसही विसरली नाही.

पुन्हा दाखल्याची वेळ आली. या वेळी शौनकलाही स्वतःसाठी हवा होता. पहाटे ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीट घेऊन हजर! शौनक आधीच उभा होता, पायाशी त्याची वीट.

"सरक. माझी कुठे ठेवू?"

"ठेवू नकोस."

"का? दोघांना दाखला हवाय ना?"

"हो, पण नियम आहे ना..." तो विटेकडे बघत म्हणाला. "एका घराची—"

 त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

 मधुवंतीने आपली वीट दोन्ही हातांनी धरली, नीट भिंतीशी नेऊन ठेवली, आणि परत येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

"चहा सांग," ती म्हणाली. "आणि तुझ्या बाबांना काय सांगायचं, ते आत्ताच ठरवू."