नदीकाठचा मऊ दगड

माझी हयात दातांच्या कवळ्या बनवण्यात गेली. काय घासलं की चमकतं आणि काय नुसतं झिजतं, हे माझ्या बोटांना कळतं. म्हणून दगड घासायचं छोटं यंत्र घरी आलं, तेव्हा आमच्या ह्यांनी दगड निवडायचं काम माझ्याकडे दिलं. मोटारीवर फिरणारा एक रबरी डबा, एवढंच ते यंत्र. त्यात दगड, पाणी आणि घासायची पूड घालायची आणि दिवसेंदिवस फिरत ठेवायचं.

"घराला घरघर लागली म्हणायची," हे म्हणाले.

नियम सोपा होता. एकत्र घालायचे दगड सारखेच कठीण हवेत. आकाराने मात्र लहानमोठे, म्हणजे फटी भरतात आणि दगड आपटून फुटत नाहीत. मी जेवणाच्या टेबलावर गारगोट्या आणि अकीक निवडत होते, तेवढ्यात माझी धाकटी नणंद आली.

तिचा नवरा पुलाखाली पाण्याची पातळी मोजायला गेला, तो परतलाच नाही. काठावर बूट सापडले, तो नाही सापडला. तेव्हापासून ती आमच्याकडे यायची, बसायची, न जेवता निघून जायची. त्या दिवशी तिने रुमालातून एक करडा दगड काढला.

"बुटांशेजारी होता. हाही घाल ना, वहिनी."

मी सुरीचं टोक ओढून पाहिलं. पांढरा ओरखडा उठला.

"अगं, मऊ आहे हा. गारगोट्यांत याचा चिखल होईल."

"मऊच होते ते," ती म्हणाली.

मला नाही म्हणवलं नाही. घातला.

काही दिवस यंत्र खडखडत राहिलं. मग एका दुपारी आवाज बदलला. खडखड थांबली आणि आत एकच जड वस्तू वळू लागली. झोपेत कुणी कूस बदलावी, तशी. मी यंत्र बंद करून झाकण काढलं. आत गारगोट्या नव्हत्या, अकीक नव्हते. राखाडी गाळ होता आणि गाळात तो करडा दगड. त्याच्यावरचा ओरखडा भरून आला होता.

नणंदेने तो धुतला आणि गालाला लावला.

"पूड जास्त पडली असेल," हे म्हणाले. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मला चूक शोधायची होती. नव्या गारगोट्या आणल्या, पूड मोजून घातली, पुन्हा तोच दगड टाकला. या वेळी नणंद डब्याजवळच बसून राहिली. झाकण काढलं तेव्हा आत गाळसुद्धा नव्हता. पाणी स्वच्छ होतं. दगड मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. घातलेल्या सगळ्या दगडांचं वजन त्या एकट्यात होतं, आकार मात्र तेवढाच.

"किती दिवसांचे उपाशी होते," नणंद म्हणाली आणि हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्या दिवशी ती आमच्याकडे पोटभर जेवली. दगड घेऊन घरी गेली. तो टेबलावर जिथे ठेवला होता तिथे पाणी साचलं होतं. पुसलं, तरी पुन्हा साचलं.

"काढून घेऊया तिच्याकडून," मी ह्यांना म्हटलं.

"जेवतेय ती. राहू दे."

मग ती यायची बंद झाली. फोनवर आवाज आनंदी असायचा, पण ती हळू बोलायची. शेवटी मीच तिच्याकडे गेले. भर दुपार होती. काय बोलायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं. वेड्यासारखं वागू नकोस, फेकून दे तो, चार दिवस आमच्याकडे राहा.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत पडदे ओढलेले. ती पलंगाच्या एका कडेला बसून विणत होती. दुसऱ्या बाजूच्या उशीवर तो दगड होता. उशी खोल दबली होती. दगडाच्या वजनाने दबेल, हे समजू शकते. पण उशीपासून पायथ्यापर्यंत गादीही दबलेली होती, माणसाएवढी लांब.

मी तोंड उघडलं.

"हळू, वहिनी," ती कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय."

घोकलेलं सगळं मी बोलले. एकही शब्द गाळला नाही. पण कुजबुजत.

तिने मान हलवली आणि विणत राहिली. पायथ्याशी गादी जराशी उचलली गेली आणि थोडी बाजूला पुन्हा दबली.

मी बाहेर आले. दार वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी, अगदी सावकाश लावून घेतलं.