स्लाईड नंबर एकशे सतरा

"आत येऊ का? बूट चिखलाचे आहेत."

तिनं मायक्रोस्कोपवरून मान वळवली. दारात एक उंच माणूस उभा होता, हातात पान्यांची जड पेटी, केसांवर बारीक पावसाचे थेंब.

"बूट काढून या. लादी आत्ताच पुसलीय," ती म्हणाली. मान पुन्हा खाली घालायला मात्र तिला जरा उशीरच झाला.

तो प्लंबर होता. ती मेडिकल कॉलेजच्या हिस्टॉलॉजी लॅबची टेक्निशियन. शरीराच्या तुकड्याचे केसाहून पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि काचेवर बसवायचे. त्या काचा बघून पहिल्या वर्षाच्या पोरांनी ओळखायचं, यातली आर्टरी कुठली अन् व्हेन कुठली. पोरं तिला स्लाईडताई म्हणत. घरी दादा आणि वहिनी. वय चौतीस. तिच्यासाठी स्थळं बघून बघून वहिनीनं केव्हाच हात टेकले होते.

"भिंतीत आवाज येतो, ही तक्रार तुमचीच?"

"हो. ऐका ना..."

टक्... टक्... टक्...

त्यानं भिंतीला कान लावला. डोळे मिटले. मग वरच्या मजल्यावर गेला, खाली तळघरात गेला आणि अर्ध्या तासानं परत आला तो विचारातच.

"मॅडम, या भिंतीत एकच पाइप आहे. वरूनही कापलेला, खालूनही कापलेला. वीस वर्षांत त्यातून पाण्याचा थेंब गेला नसेल."

"मग वाजतंय काय?"

"तेच कळेना. पाणी कसं, गुरगुरतं, धडधडतं. हे मोजून-मापून वाजतंय. घड्याळ लावून बघितलं. मिनिटाला बहात्तर."

ती हसली, पण तिच्या हातावर काटा आला. मिनिटाला बहात्तर काय असतं, ते या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं.

विषय बदलावा म्हणून ती म्हणाली, "या, तुम्हाला आमचे पाइप दाखवते."

तो स्टुलावर बसला. एक डोळा घट्ट मिटून त्यानं दुसरा भिंगाला लावला. "अरेच्चा! ही गोल, जाड भिंतीची... ही प्रेशरची लाईन. आणि शेजारची ही पसरट, भिंत पातळ, गळपटलेली... ही परतीची."

"आर्टरी आणि व्हेन!" ती थक्क झाली. "पोरांना हे कळायला सहा महिने लागतात हो."

"पोरांनी तुंबलेल्या मोऱ्या उपसल्या नसतील."

"पाठवू का तुमच्याकडे शिकायला?"

"पोरं नकोत. शिकवणारी पाठवा..." तो बोलून गेला आणि त्यानंच जीभ चावली. तिचे कान तापले. पुढचे दोन क्षण भिंतच काय ती बोलत होती.

"या प्रेशरच्या लाईनच्या आत ही नागमोडी रेघ कसली?"

"आतलं अस्तर. रक्ताचा जोर असेपर्यंत ताणलेलं असतं. जोर गेला की भिंत आकसते आणि अस्तराला अशा चुण्या पडतात."

तो बराच वेळ भिंगापासून हलला नाही. "म्हणजे हे कुणीतरी होतं."

"हो. देहदान केलेलं कुणीतरी."

तो उठला, पेटी उचलली आणि भराभर निघून गेला. तिला वाटलं, आपण काही लागेल असं बोललो की काय?

तिनं स्लाईड काढून डब्यात ठेवली. आणि भिंत गप्प झाली.

आधी तिला तो योगायोग वाटला. पण दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही, आवाज आलाच नाही. चौथ्या दिवशी वर्गासाठी तिनं तीच स्लाईड लावली, खालचा दिवा पेटवला... आणि टक्. तिनं घाईनं स्लाईड काढली. शांत. लावली. टक्... टक्... डब्यात शंभरावर स्लाईडी होत्या, पण वाजायचं ते एकाच स्लाईडला.

कुणाला सांगणार? वेड्यात काढलं असतं. भीती तर वाटतच होती, पण भीतीच्या पाठोपाठ दुसरंही एक काही मनात येऊन बसलं. आवाज आला की तक्रार करता येते. तक्रार केली की तो येतो.

तिनं फोन उचलला.

असं तीन गुरुवारी झालं. प्रॅक्टिकल संपलं, पोरं गेली की ती ती स्लाईड लावायची आणि फोन करायची. तो यायचा, भिंत ठोकून बघायचा, हरायचा, मग स्टुलावर बसायचा.

"हे काय ओळखा बरं?"

"एवढीशी? एका वेळी एकच पेशी जाईल हिच्यातून."

"केशवाहिनी. सगळी देवाणघेवाण इथंच होते. इतकी बारीक भिंत की आतलं बाहेर, बाहेरचं आत."

"आमच्याकडे याला गळती म्हणतात, मॅडम."

ती खळखळून हसायची. तो तिच्या हसण्याकडे बघायचा, तिला ते कळायचं, आणि भिंत आपली मोजून वाजत राहायची. एकदा तिच्या लक्षात आलं — ती हसली की ठोके क्षणभर थांबतात. कुणीतरी कान देऊन ऐकावं तसे.

"वन्सं, गुरुवारी म्हणे केसांत तेल नको," वहिनी घरी म्हणाली. "गुरुवारी काय असतं लॅबमध्ये?"

"प्रॅक्टिकल."

"कुणाचं?" वहिनीनं डोळे मिचकावले. दादानं पेपर जरा खाली केला आणि पुन्हा वर धरला.

पाचव्या भेटीत तो म्हणाला, "आज मी बदलतो स्लाईड. बघून बघून आलंय मला." त्यानं काच अलगद दोन बोटांत धरली, उजेडाकडे केली. आणि तसाच राहिला. काचेच्या कडेला कागदाच्या चिठोऱ्यावर शाईनं आकडा होता, ११७.

"हा नंबर कसला?"

"दात्याचा. नाव लिहीत नाहीत आम्ही. काय झालं?"

"माझ्या कपाटात एक कागद आहे," तो सावकाश म्हणाला. "या कॉलेजनंच दिलेला. बायको गेली तेव्हा. तिचीच इच्छा होती देहदानाची... पाच वर्षं मी इथली कामं टाळली. यावेळी दुसरा माणूस आजारी होता म्हणून आलो. त्या कागदावर हाच नंबर आहे."

काच भिंगाखालून निघाल्यापासून भिंत थांबली होती. त्यानं काच परत ठेवली, इतक्या हळू, की जणू खाली कुणी झोपलंय.

तिला राहवलं नाही. "माझं चुकलं हो. ही स्लाईड लावली की आवाज येतो, हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मी मुद्दाम लावत होते... तुम्ही यावं म्हणून."

तो तिच्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे, पण त्या बघण्याला तिला नाव देता येईना. मग पेटी उचलून गेला. बूटसुद्धा नीट घातले नाहीत.

तीन आठवडे तो आला नाही. तिनं एकशे सतरा डब्यात घालून डबा कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं. घरी ताटात अन्न चिवडायची. वहिनीनं थट्टा बंद केली, हे तर फारच वाईट लक्षण.

शेवटी एका दुपारी तिनं कुलूप काढलं. त्या बाईची माफी मागायची होती, आणि तिला दुसरीकडे कुठं गाठणार? तिनं स्लाईड लावली, डोळा भिंगाला नेला. भिंत ठोके देऊ लागली. "रागावू नका," ती पुटपुटली. "मला माहीत नव्हतं तुम्ही कोण ते."

आणि तिनं बघितलं. शेजारच्या पसरट व्हेनमध्ये, कधीच्या रंगवलेल्या, काचेखाली चिकटवून टाकलेल्या रक्तपेशी... हलल्या. एक, मग तिच्यामागून दुसरी. ठोक्याला एक, ठोक्याला एक, अशा डावीकडून उजवीकडे सरकत निघाल्या, निवांत, घरी परत निघाल्यासारख्या.

तिची पाचावर धारण बसली. स्टूल पाडून ती मागं झाली, ती थेट कुणाच्या तरी छातीवर आदळली.

तोच होता. पायात मोजे, बूट दाराशी.

"मी... मी तक्रार केली नव्हती," ती धापा टाकत म्हणाली.

"माझी आहे तक्रार," तो म्हणाला. "तीन गुरुवार झोप नाही. बसू का तिच्याशी जरा?"

तिनं स्टूल उचलून दिलं. तो भिंगावर वाकला. त्याला काय दिसलं, ते त्यानं तिला पुढंही कधी सांगितलं नाही. फक्त त्याची पाठ एकदा थरथरली. मग तो उठला, भिंतीपाशी गेला आणि तळहात भिंतीवर टेकला.

"ऐकतोय ना मी, ऐकतोय गं," तो म्हणाला, जसं स्वयंपाकघरातून हाक आल्यावर माणूस म्हणतो तसं. "पाच वर्षं फिरकलो नाही. भीती वाटायची. आलो तो हिच्यामुळं. ही चांगली आहे. तुला जपून ठेवलंय हिनं, कडेचा डागसुद्धा पुसते रोज. आणि मला... मला हिच्याशी लग्न करायचंय. तुला चालेल का?"

भिंत थांबली.

लॅबमध्ये इतकी शांतता तिनं बारा वर्षांत ऐकली नव्हती. नळाचा थेंब नाही, पंखा नाही. बाहेर पाऊसही थांबल्यासारखा.

"हे बरंय," ती म्हणाली. "तिला विचारलंत. मला कोण विचारणार?"

तो वळला. कानापर्यंत लाल झाला होता. "तुम्हालाच विचारायला आलो होतो. पण तिच्या पाठीमागं विचारणं बरं दिसलं नसतं."

"आणि ती काय म्हणाली?"

"गप्प आहे."

"म्हणजे? गप्प म्हणजे हो की नाही?"

"सांगता येत नाही," तो काळजीनं म्हणाला. "रागावली की आठ-आठ दिवस बोलायची नाही."

"आणि पटलं की?"

"पटलं तरी बोलायची नाही."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. मग ती पुढं झाली आणि त्याच्या हाताशेजारी तिनंही तळहात भिंतीवर ठेवला. पावसाळी दिवस, आत गंजून गेलेला कोरडा पाइप... भिंत गार लागायला हवी होती. पण ती कोमट होती. अंगासारखी कोमट.

तिनं हात काढला नाही.

"हो," ती म्हणाली, आणि त्या दोघांपैकी नेमकं कुणाला म्हणाली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.